इंजिनाचा ठोका नेमका कुठून येतोय?
आवाज आला की आधी ऑइल बघा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल भरल्याशिवाय पुन्हा स्टार्टर मारू नका.

व्हॉल्व्ह कव्हरपाशी (इंजिनाच्या वरच्या झाकणापाशी) बारीक टिकटिक असेल आणि इंजिन तापल्यावर ती विरत असेल, तर बहुधा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा छोटा भाग. फक्त चढावर खडखड होते? पेट्रोलचा ऑक्टेन (ठोका टाळण्याची क्षमता) कमी, नाहीतर सिलिंडरमध्ये कार्बन.

ऑइल पॅनच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याच्या) बाजूने येणारी जड ठकठक मात्र वाईट. कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलेलं असू शकतं. पेट्रोल इंजिन असेल तर आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मेकॅनिककडून एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल देणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून घ्या. ज्या सिलिंडरवर ठोका दबतो, दोष तिथला. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. रॉड तुटला तर इंजिनाचा ब्लॉकच (मुख्य सांगाडा) फोडू शकतो.

बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये इंजिन गाडीच्या रुंदीत आडवं बसवलेलं असतं, बेल्टकडची जागा अडचणीची, त्यामुळे कान फसतो. शंका असेल तर बाहेरचा बेल्ट उतरवून थंड इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला? मग अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीची) बेअरिंगं हाताने फिरवून तपासा.