माठातलं पाणी खरंच गार हवं असेल तर

कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत माठ घेताना बोटानं वाजवून बघा. खणखणीत वाजला तरच घ्या. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा असतोय. घरी आणला की दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, ते पाणी झाडांना घाला. घासायला नुसता काथ्या. साबण अजिबात नको, माती तो पिऊन घेते.

फ्रिजशेजारी कोपऱ्यात कोंडू नका. अंगावर झिरपलेलं पाणी वाऱ्यानं उडतं तेव्हाच आतलं गार होतं. म्हणून खिडकीशी, सावलीत, ओल्या वाळूवर बसवा. कोरड्या हवेत तर झकास चालतोय! वळीव येऊन दमट झालं की गारवा कमी होणार, माठाला दोष देऊ नका.

वाळ्याची जुडी टाकलीत तर मधूनमधून उन्हात वाळवा. दारात आलेल्या भाजीवाल्या मावशींना आधी गुळाचा खडा, मग तांब्या द्या.