मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि साखर: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वीची चवथ. फोंड्याला मावशीच्या घरी माटोळीखाली सगळे जमलेले, नेवऱ्यांचा, म्हणजे गोड करंज्यांचा, डबा हातोहात फिरत होता. तो मावशीपर्यंत आला तसा माझ्या भावजयीने झटकन मागे घेतला. "नको ताई, साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य," ती मला म्हणाली. मावशीचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि केमो चालू होती. साखरेपाठोपाठ भात गेला होता, मग केळी, मग दूध. दोन महिन्यांत तिचं वजन सात किलोने उतरलं आणि अंगात त्राण नाही म्हणून डॉक्टरांना केमोची पुढची फेरी लांबवावी लागली.

भावजय जे करत होती ते मायेपोटीच. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हा समज कुठून आला ते मला ठाऊक होतं. त्यात तथ्य आहे. म्हणूनच तो इतका पसरतो आणि म्हणूनच तो नीट समजून घ्यायला हवा.

१९२०च्या दशकात ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की गाठीतल्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही ग्लुकोज पूर्ण जाळत नाहीत, अर्धवट तोडून त्याचं लॅक्टेट करून टाकतात. ग्लुकोजचा एक रेणू पुरता जाळला तर पेशीला ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात, म्हणजे एटीपी. लॅक्टेटवर थांबलं तर फक्त २. मग हा तोट्याचा व्यवहार कशासाठी? घर बांधणाऱ्याला नुसती वीज पुरत नाही, चिरेही लागतात. सतत दुभंगत राहणाऱ्या पेशीला नवा डीएनए, नवं आवरण, नवी प्रथिनं हवी असतात आणि अर्धवट तोडलेल्या ग्लुकोजमधून त्यांचा बराचसा कच्चा माल निघतो.

हे काम एन्झाइम करतात, मराठीत ज्यांना विकर म्हणतात. हेक्झोकायनेज-२ पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट चिकटवतं, त्यामुळे ते परत बाहेर जाऊ शकत नाही. पायरुव्हेट कायनेजचा एम-२ हा प्रकार साखळीच्या शेवटी मुद्दाम सावकाश काम केल्यासारखा वागतो. मग मागे माल तुंबतो आणि बांधकामाकडे वळतो. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज-ए उरलेल्याचं लॅक्टेट करतं. ते बाहेर पडलं की गाठीभोवतीचा भाग आम्लधर्मी होतो आणि तिच्याशी लढायला आलेल्या टी-पेशी मंदावतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये या एन्झाइमांचं प्रमाण अनेकदा वाढलेलं आढळतं.

पण त्यांना कामाला कोण लावतं? जनुकांतले बिघाड. या कॅन्सरच्या दहापैकी साधारण आठ गाठींत एपीसी हे जनुक बिघडलेलं असतं, चारेक गाठींत केआरएएस. वाढीचा हुकूम तिथून सुटतो आणि एन्झाइम तो पाळतात. ताटातली नेवरी तो हुकूम देत नाही, आणि ती काढून घेतल्याने तो मागेही घेतला जात नाही.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक: रुग्णाला उपाशी ठेवणं

आपल्या शरीरातल्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम. ही पातळी यकृत जिवापाड सांभाळतं, कारण मेंदूला दिवसाला १०० ग्रॅमहून जास्त ग्लुकोज लागतं. खाणं बंद केलं की यकृत ते स्वतः तयार करतं, आणि त्यासाठी स्नायूंतली प्रथिनं मोडली जातात. म्हणजे गाठीला ग्लुकोज मिळतच राहतं, झिजतात ते मावशीचे दंड. शिवाय गाठ एकट्या ग्लुकोजवर जगत नाही, ग्लुटामाइन नावाचं अमिनो आम्लही ती भरपूर वापरते.

केमोच्या काळात वजन आणि स्नायू टिकवणं हा उपचाराचाच भाग आहे. मावशीला आहारतज्ज्ञांनी पेज, मऊ भात, अंडं, माशांची कमी तिखट कढी, दही असं पुन्हा सुरू करून दिलं, तेव्हा कुठे ती जिना चढायला लागली.

मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, आणि गोव्यात ती फार घरांची आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. रक्तातलं इन्शुलिन सतत चढं राहिलं की ते पेशींना वाढीचा इशारा देतं, आणि मधुमेहींना आतड्याच्या कॅन्सरचा धोका काहीसा जास्त असतो. अशा रुग्णाची साखर ताब्यात ठेवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पोटभर जेवू घालून.

साखरेऐवजी गूळ, आणि फळं बंद

माडाचा गूळ चालतो, मध चालतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. माडाच्या गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं आणि मधात ग्लुकोज व फ्रुक्टोज. रेणू माडावरून उतरला की उसातून आला, हे एन्झाइमला कळत नाही.

फळांची भीती पसरायला एक खरा प्रयोग कारण झाला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, आतड्यातलं एपीसी जनुक काढून टाकलेल्या उंदरांना फ्रुक्टोजयुक्त सिरप रोज थोडंथोडं पाजलं. ते लठ्ठ झाले नाहीत, तरी त्यांच्या गाठी मोठ्या झाल्या. फ्रुक्टोजवर पहिली प्रक्रिया करणारं केटोहेक्झोकायनेज हे एन्झाइम नसलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम दिसला नाही. प्रयोग भक्कम आहे, पण तो उंदरांवरचा आहे आणि पातळ गोड पेयाचा आहे. त्यातून मी घेतलेला धडा एवढाच, की बाटलीतली गोड पेयं घरी आणायची नाहीत. मे महिन्यातला मानकुराद आंबा मी कुणाच्या हातातून काढून घेणार नाही. चावून खाल्लेल्या फळातली साखर तंतूंबरोबर सावकाश शोषली जाते.

तंतूंवरून आठवलं. मोठ्या आतड्याच्या निरोगी पेशीचं मुख्य इंधन ग्लुकोज नसतंच, हे वर्गात सांगितलं की मुलं चकित होतात. तिचं इंधन ब्युटिरेट. आपण न पचलेले तंतू खालच्या आतड्यात पोचवतो आणि तिथले जिवाणू त्याचं ब्युटिरेट करून देतात. कॅन्सरग्रस्त पेशी हे इंधन सोडून ग्लुकोजकडे वळते. न जाळलेलं ब्युटिरेट मग तिच्या केंद्रकात साचतं आणि, निदान प्रयोगशाळेत तरी, तिची वाढ रोखताना दिसतं. अळसांद्यांचं तोणाक आणि तांबडी भाजी निरोगी माणसाच्या ताटात रोज असावी ती यासाठी. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर तंतू कधी आणि किती, ते डॉक्टरांना विचारावं.

आणि साखर बंद केलेल्या घरात रविवारी चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचं सॉसेज घातलेला पाव) आणि फेणी चालू असेल, तर आपण भलत्याच दाराला कडी लावतो आहोत. प्रक्रिया केलेलं मांस आणि दारू, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, म्हणजे कर्करोगकारक असल्याचं सिद्ध झालेलं. असं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

पेट स्कॅनच्या वेळी

पेट स्कॅन म्हणजे कॅन्सर शरीरात कुठे आहे ते दाखवणारी तपासणी. काही नातेवाईक या स्कॅनलाच नकार देतात: "साखर टोचणार, मग कॅन्सर वाढणार." टोचतात ते किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य, तेही अगदी सूक्ष्म मात्रेत. हेक्झोकायनेज त्यालाही फॉस्फेट चिकटवून पेशीत अडकवतं, पण पुढे त्याचं काही करता येत नाही. ते तिथेच साचतं आणि चित्रात चमकतं. वारबुर्गने पाहिलेल्या गोष्टीचा आपल्याला झालेला हा रोकडा फायदा.

स्कॅनआधी चार ते सहा तास उपाशी राहायला सांगतात, ते याचसाठी. माझ्या ओळखीतले एक काका सकाळी गोड चहा पिऊन गेले आणि त्यांना दुसरी तारीख घ्यावी लागली. खाल्ल्यावर इन्शुलिन चढतं, ते द्रव्य स्नायूंत खेचलं जातं आणि चित्र बिघडतं. आदल्या दिवशी अंगमेहनतही टाळावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आतडं त्या गोळीमुळेच चमकू शकतं, म्हणून गोळी चालू असल्याचं आधी सांगावं. आपल्या मनाने ती बंद करू नये. जिथे सूज असते तिथेही चमक दिसते, आणि श्लेष्मा भरलेल्या काही गाठी फिक्या दिसतात. तेव्हा रिपोर्ट हातात पडला की घरी बसून ठिपके मोजू नका.

औषधांच्या नावाने होणाऱ्या चुका

एन्झाइमचं सिरप आणून पाजणं ही त्यातली एक. दुकानातलं सिरप जठरात आणि लहान आतड्यात अन्न पचवतं, पेशीतल्या हेक्झोकायनेजशी त्याचा संबंध नाही. दुसरी, अल्कधर्मी पाणी. "वारबुर्गला कॅन्सर आम्लात वाढतो या शोधासाठी नोबेल मिळालं" हा संदेश चुकीचा आहे. १९३१चं ते पारितोषिक श्वसनाच्या एन्झाइमसाठी होतं. रक्ताची आम्लता फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, पाण्याच्या बाटलीने ती बदलत नाही.

तिसरी, क जीवनसत्त्व. २०१५ मध्ये प्रयोगशाळेत केआरएएस बिघडलेल्या पेशी त्याच्या प्रचंड मात्रेने मेल्या, कारण जीएपीडीएच हे साखर तोडणारं एन्झाइम अडलं. पण पुढे चीनमध्ये रुग्णांना केमोबरोबर ते शिरेतून दिलं, तेव्हा एकूण रुग्णांत रोग थोपवण्यात फरक पडला नाही. गोळ्यांनी तर रक्तात तेवढी पातळी गाठताच येत नाही.

मूळव्याध समजून काढलेले महिने

मावशीला शौचावाटे रक्त जात होतं आठ महिने. मलम लावलं, ताक प्यायली, शेजारणीने सांगितलेला पाला खाल्ला. कुणी तपासायला नेलं नाही, मीही नाही. एवढं शिकवूनही मी "मूळव्याध असेल" म्हणाले, ते मला आजही बोचतं.

शौचात रक्त, तीन-चार आठवडे बदललेली सवय, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, पोट साफ न झाल्याची भावना, नकळत उतरलेलं वजन, पन्नाशीच्या पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात लोह कमी निघणं: यातलं एक जरी असलं तरी बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जवळच्या सर्जनकडे जा आणि कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याबद्दल, विचारा. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा रोग झाला असेल तर त्रास नसतानाही जा. रक्तातल्या एलडीएचचा (लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचा) आकडा बघून निर्धास्त होऊ नका. तो यकृताच्या आजारात, अंगमेहनतीनंतर, नमुना नीट न हाताळल्यानेही वाढतो, आणि आतड्यात गाठ असतानाही नॉर्मल असू शकतो.