क्वांटम इन्फर्मेशनच्या पीएचडीला अर्ज करताय? आधी तिसरं पत्र

नागपुरातून यंदा बरेच जण अर्ज करून राहिले, प्रत्येकजण मलाच विचारतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. सीव्ही, मार्कशीट, पासपोर्ट तुम्ही करालच. पहिलं काम रेकमेंडेशन लेटरचं, त्यातही तिसऱ्या. बाहेरचे अर्ज बहुधा तीन पत्रं मागतात, प्रोजेक्टवाले सर आणि क्वांटम मेकॅनिक्स शिकवणाऱ्या मॅडम लगेच हो म्हणतात, आणि तिसऱ्याचं आपण 'बघू नंतर' करतो. गेल्या वेळी माझं घोडं तिथंच अडलं. अमेरिकेतल्या बऱ्याच डेडलाइन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, त्याआधी दिवाळीची सुट्टी, सर गावी, परत येतात तोवर अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्समध्ये जिकडेतिकडे बॅरिकेड. म्हणून गणपती बसायच्या आत तिघांनाही विचारा, आणि व्हॉट्सॲपवर नाही, भेटून.

पोर्टलवर सरांचा कॉलेजचा ईमेल टाका, बऱ्याच ठिकाणी जीमेल चालत नाही. कॉलेजचा मेल सर वर्षानुवर्षं उघडत नाहीत, पासवर्डही विसरलेले असतात, ते आधीच सोडवून घ्या. लिंक स्पॅममध्ये जाते, शेजारी बसून शोधा. पोर्टलवर 'रिसीव्ह्ड' दिसेपर्यंत पत्र गेलं असं समजायचं नाही. तिसरं तर नाहीच नाही.

एसओपीत, म्हणजे 'मला हे का शिकायचंय' या निबंधात, 'लहानपणापासून श्रोडिंगरच्या मांजरीचं आकर्षण' लिहू नका बाबांनो, वाचणाऱ्यांना त्या मांजरीचा वीट आलाय. एखादा खरा प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, २००९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅथ्यू हेस्टिंग्सने दाखवलं की क्वांटम चॅनेलची (क्वांटम अवस्था वाहून नेणाऱ्या मार्गाची) मिनिमम आउटपुट एंट्रॉपी (बाहेर पडताना कमीत कमी किती अनिश्चितता उरते ते माप) नेहमी ॲडिटिव्ह नसते, सुट्यांची नुसती बेरीज करून मिळत नाही, म्हणजे चॅनेलचे अनेक वापर एकत्र, एन्टँगल्ड (एकमेकांत गुंतलेले) इनपुट देऊन केले तर सुट्या वापरांच्या बेरजेपेक्षा जास्त क्लासिकल माहिती जाऊ शकते, आणि त्यामुळे कपॅसिटी (चॅनेलमधून जास्तीत जास्त किती माहिती जाते ती) काढायचं सोपं सूत्र हातचं गेलं. यावर तुम्हाला पुढे काय करायचंय ते चार ओळींत लिहा. त्यासाठी टेन्सर प्रॉडक्ट (दोन सिस्टिम एकत्र मांडणं), पार्शल ट्रेस (त्यातली एक बाजूला काढणं) हे गणित हाताने करता यायलाच पाहिजे, नुसते क्वांटम सर्किटचे कोड चालवून थिअरी येत नाही.

फक्त बाहेरच्याच भरवशावर राहू नका. जेस्ट, गेट, नेट या परीक्षांपैकी जी जमेल ती द्या. प्रयागराजच्या एचआरआयमध्ये (हरिश्चंद्र रिसर्च इन्स्टिट्यूट) या विषयाचा तगडा ग्रुप आहे, चेन्नईचं आयएमएससी (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस) आहे, बंगळुरूचं आरआरआय (रामन रिसर्च इन्स्टिट्यूट) आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनचे ६,००३.६५ कोटी ऐकून हुरळू नका, त्यातलं बरंच काम हार्डवेअर, सेन्सर, कम्युनिकेशनचं आहे, शुद्ध थिअरीवाल्याने जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा.

प्रोफेसरला मेल करण्याआधी त्याचा निदान एक पेपर वाचा. फी माफीचं आधी विचारा. ट्रान्सक्रिप्टला युनिव्हर्सिटीत वेळ लागतो, आजच जा. इंटरव्ह्यूला बोर्डवर डेन्सिटी मॅट्रिक्स (क्वांटम अवस्था मांडणारं मॅट्रिक्स) लिहायला लावतील, सराव करा. मे-जूनमध्ये प्रयागराजला बोलावलं तर उन्हाचं कारण आपण नागपूरवाल्यांनी देऊ नये. बाकी फॉर्मवर लिहिलेलं असतं, वाचा. आणि तिसऱ्या सरांना फोन केला का?