पावसाळ्यापूर्वी मोसंबीचे खोड तपासा : डिंक्या आणि सालीचे रोग

मृगाच्या पावसाआधीचे पंधरा दिवस मराठवाड्यातील मोसंबी बागायतदारांनी खोड तपासण्यासाठी राखून ठेवावेत. जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड या पट्ट्यातील भारी काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही आणि आळे खोडाला लागून असेल तर बुंध्याची साल ओलीच राहून तिच्यात फायटोफ्थोरा ही बुरशीसदृश रोगकारक वाढते. साल तपकिरी पडून तिला उभ्या चिरा जातात, त्यांतून डिंक पाझरतो (हाच डिंक्या रोग), आणि सालीतील अन्नवाहिन्या कुजल्याने मुळांची उपासमार होऊन पाने पिवळी पडतात. पावसात डिंक धुऊन जातो; तेव्हा तो दिसत नाही एवढ्यावरून झाड निरोगी समजू नये.

फांद्यांवरचे दुखणे वेगळे आहे. पाण्याच्या ताणाने पानगळ होऊन उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने करपली, की तेथे लासिओडिप्लोडिया बुरशी शिरते. केशर आंब्याच्या फांद्या शेंड्याकडून वाळण्यामागेही बऱ्याचदा हीच असते. पाने, फळे व फांद्यांवर खरबरीत ठिपके आणणारा खैऱ्या मात्र जिवाणूजन्य असल्यामुळे तो या बुरशीच्या रोगांत धरू नये.

रोगट साल धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी. बहुतेकांची चूक इथेच होते: कुजलेली साल तशीच ठेवून वरून पेस्ट फासली जाते आणि रोग आतल्या आत पसरतो. खरवडताना खाली पोते अंथरावे व गोळा झालेली साल बागेबाहेर जाळावी. जखम 1 टक्का पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणाने धुऊन, सुकल्यावर बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत प्रत्येकी 5 लिटर पाण्यात भिजवून मग एकत्र करावा. स्वच्छ विळा त्यात थोडा वेळ बुडवून पाहावा; पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, तो आणखी घालावा. पेस्ट त्याच दिवशी, जमिनीपासून दोन ते तीन फुटांपर्यंत लावावी आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा लावावी.

पाणी खोडाला लागतच राहिले तर ही सगळी मेहनत वाया जाते. म्हणून खोडाभोवती दुहेरी आळे (एकाबाहेर एक अशी दोन वर्तुळे) करून पाणी बाहेरच्या आळ्यातच द्यावे, ठिबकच्या नळ्या खोडापासून दूर सरकवाव्यात, आणि कलमाचा डोळा (खुंटाला कलम जोडलेली जागा) मातीत गाडला गेला असेल तर माती बाजूला सारून तो उघडा करावा. नवी लागवड करणाऱ्यांनी जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरील (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्यावरील) कलमे निवडावीत, कारण तो डिंक्याला अधिक सहनशील आहे. साल खोडाभोवती चहूबाजूंनी कुजली असेल, तर औषधावर खर्च न करता झाड मुळासकट काढावे.