पगार झाला की आधी काय काढायचं?

उपासनेनंतर अर्पणाची थैली मोजायचं काम आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझ्याकडे आहे. त्या अनुभवावरून सांगतो, देवाला पहिलं स्थान द्यायचं असेल तर पगाराच्या तारखेपासून सुरुवात करा. मनाचा काय भरवसा? तारीख तरी ठरलेली असते.

पैसे जमा झाले की त्याच दिवशी, हप्ता आणि किराण्याच्या आधी, अर्पण पाकिटात घालून ठेवा. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, झेपत नसेल तर कमी ठरवा, पण आकडा आधी ठरवा. महिनाअखेरी उरेल ते देऊ म्हणणाऱ्यांचं काही उरत नाही. मिझोरममधल्या मंडळ्यांत घरोघरी भात शिजवताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. शिजवण्याआधी, बरं का.

इ.स.पू. 520 मध्ये हाग्गय संदेष्टा यरुशलेमेत हेच बोलला. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले यहूदी लोक स्वतः तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी फळ्यांनी सजवलेल्या, घरांत राहत होते आणि मंदिर बांधायची वेळ अजून आलेली नाही म्हणत होते. तुमची मजुरी भोकं पडलेल्या पिशवीत जाते, असं त्याने सुनावलं. आमच्याकडे त्या पिशवीतून आधी सोफा जातो, मग सोफ्याला शोभेल असा टीव्ही, मग टीव्हीला शोभेल अशी भिंत.

मात्र आईवडिलांच्या औषधाच्या पैशांतून अर्पण देऊ नका. देवाला वाहिलंय असं सांगून आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना प्रभू येशूने कसं झापलं, ते बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात वाचा. घरभाडं, मुलांची फी, दवाखाना याला मी तरी ऐहिक हाव म्हणणार नाही. खजिनदार असूनही!

वेळेचंही तसंच. क्लासची बॅच रविवारी सकाळी असेल तर फी भरण्याआधी दुसरी मागा. भरल्यावर कोण ऐकतं? नर्सबाई, पोलीस, एसटीतली माणसं यांना रविवार मिळेलच असं नाही. त्यांनी आठवड्यातली एखादी संध्याकाळ घरच्या प्रार्थनेसाठी धरावी आणि अपराधी वाटून घेऊ नये. रोज सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी एक अध्याय वाचा. मार्कचे सोळाच आहेत, पंधरवड्यात जवळजवळ संपतात.

बढती, नवा फ्लॅट असे मोठे निर्णय आले की लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला तो कोठारंवाला श्रीमंत आठवा. जुनी पाडून मोठी बांधायचा त्याचा बेत, पण सगळं बोलणं स्वतःच्या जिवाशीच. दुसऱ्या कोणाला विचारल्याचं नावच नाही. तुम्ही विचारा. हप्ता फेडायला रोज किती तास जास्त राबावं लागेल, संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होईल का, हे घरच्यांसमोर कागदावर मांडा. मंडळीतल्या एखाद्या रोखठोक वडीलधाऱ्यालाही तो कागद दाखवा. टोकन देण्याआधी दाखवा, कारण दिल्यानंतर लोक फक्त अभिनंदन करतात.