खापरपणजोबा आणि खापरपणजी : सीमाभागातील शेतकरी दांपत्याचा इतिहास कसा शोधावा

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यातील शेतकरी घरांत वंशावळ बहुधा जमिनीच्या वाटणीसाठी काढलेली असते, आणि म्हणून तिच्यात बापाखाली मुलगा अशी पुरुषांचीच नावे सापडतात. ज्या बाईने त्याच शेतात जन्मभर भांगलण केली, रोप लावले आणि दुष्काळात पोरे जगवली, तिचे नाव त्या कागदावर नसते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील आपल्या पूर्वजांचा शोध घेताना पहिल्या दिवसापासून जोडप्याचाच शोध घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नवऱ्याचा माग आधी काढून बायकोचे नंतर पाहू म्हटले, की ती कायमची मागे राहते.

सुरुवात घरातील सर्वांत वृद्ध माणसापासून करावी, आणि तीही शक्यतो आजीपासून. तिला साल विचारू नये, प्रसंग विचारावा. मोठ्या दुष्काळात घर कोठे होते, प्लेगात माणसे शेतात झोपड्या घालून राहिली तेव्हा कोण होते आणि कोण गेले, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत कोण दगावले, असे विचारले की उत्तरे आपोआप कालक्रमाने लागतात, कारण मोठा दुष्काळ 1876-77 चा, प्लेग 1897 नंतरचा आणि मानमोडी 1918 ची, हे आपल्याला ठाऊक असते. त्यानंतर जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगाव्यात. सासूकडून सुनेकडे आलेल्या ओव्यांत माहेरच्या गावाचे, भावाचे, कधी नदीचे किंवा ग्रामदेवीचे नाव येते, आणि खापरपणजीचे माहेर शोधण्याचा याहून जुना पुरावा घरात क्वचितच असतो.

माळ्यावरची भांडीही उतरवून पाहावीत. आमच्या घरातील तांब्याच्या घागरीच्या काठाखाली, चिंचेने घासल्यावर, टोच्याने घातलेले नाव दिसले. ते आमच्या आडनावाचे नव्हते, तर देणाऱ्याचे होते, आणि पुढे गावाचे नाव होते. तेवढ्या दोन शब्दांनी आम्हाला पणजीचा मामा आणि त्याचे गाव मिळाले. मात्र भांडे घासण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण झिजलेली अक्षरे जोराने घासल्यास पूर्णच जातात.

ज्या घरांत म्हाळ घालतात, तेथे भटजींना तर्पणाची नावे विचारावीत. पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचीही नावे तेथे घ्यावयाची असतात, आणि एखाद्या जुन्या वहीत ती उतरवलेली आढळतात. दुसरा आणि आपल्या भागाचा खास आधार म्हणजे हेळवी. बैलावर बसून सुगीनंतर गावोगाव फिरणारे, धान्य घेऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवणारे हे लोक कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषकांच्या दारी येत आले आहेत. आपल्या घराण्याचा हेळवी कोण, हे भावकीतील वडीलधाऱ्यांना माहीत असते. तो आला की त्याला घाईने वाटेला लावू नये, बसवावे, त्याच्या परवानगीने त्याचे म्हणणे ध्वनिमुद्रित करावे आणि सुनांची नावे वेगळी विचारावीत. वंशावळीचा आरंभ देवादिकांपर्यंत जातो, तो भाग श्रद्धेने ऐकावा. पुराव्यासाठी अलीकडच्या चार-पाच पिढ्यांवर भर द्यावा.

कागदांकडे वळण्यापूर्वी आपले गाव त्या काळी कोणाच्या अमलाखाली होते, हे निश्चित करणे अत्यावश्यक आहे, नाहीतर भलत्याच दप्तरात महिने जातात. बेळगाव जिल्हा 1836 साली धारवाडपासून वेगळा झाला आणि 1956 पर्यंत मुंबई इलाख्यात व पुढे मुंबई राज्यात होता. परंतु आज बेळगाव शहराचा भाग असलेले शहापूर सांगली संस्थानाचे होते आणि रायबाग कोल्हापूर संस्थानाचे. त्यामुळे रायबागकडील घराण्याने कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही चौकशी करावी. उलट चंदगड तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात असल्यामुळे तेथील कुटुंबांनी बेळगावकडचे जुने कागद विसरू नयेत.

जमिनीच्या कागदांत नेहमी आजच्या उताऱ्यावरून मागे जावे. त्या उताऱ्यावरचा, म्हणजे आपल्याकडच्या पहाणीवरचा, सर्व्हे नंबर घ्यावा, तो मध्यंतरी फुटला असेल तर कमी-जास्त पत्रक (नंबर फुटल्याची व क्षेत्र बदलल्याची नोंद) आणि आकारबंद (नंबरवार क्षेत्र व आकारणीची नोंद) पाहून जुना नंबर काढावा, आणि मग तहसीलदार कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या नंबरावरील फेरफार नोंदी, म्हणजे आपल्याकडे ज्यांना एम. ई. म्हणतात त्या, एकेक करून मागवाव्यात. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेल्यास काम लवकर होते. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला. म्हणून एकोणिसाव्या शतकात संसार केलेला शेतकरी त्यानंतर वारला असेल, तर त्याच्या वारसांच्या नोंदीत तो आणि त्याची बायको एकत्र भेटण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. मुले लहान असतील, तर विधवा आईचे नाव अज्ञान मुलांची पालनकर्ती म्हणून येते. हाच तो कागद, ज्यावर तिचे नाव सरकारी शाईने उमटलेले असते, आणि माझ्या मते संपूर्ण शोधातील सर्वांत मोलाचा.

या नोंदी वाचताना तीन लहान शब्दांवर बोट ठेवून वाचावे. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि कन्नड नोंदीत स्त्रीच्या नावापुढे ‘गंड’ आले तर त्यापुढचे नाव नवऱ्याचे. शिवाय एकच माणूस मराठी कागदात यल्लोजी आणि कन्नड कागदात यल्लप्पा असतो, तसेच गंगाबाईची गंगव्वा होते. ही दोन माणसे समजू नयेत. याच्या उलट चूक मी स्वतः केली. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे एकाच नावाचे दोन पुरुष मी एकच धरले, आणि सुनेला सासूच्या जागी बसवून दोन वर्षे चुकीची वंशावळ भावकीत वाटली. तेव्हापासून प्रत्येक नावापुढे बापाचे नाव मिळाल्याशिवाय मी ते वंशावळीत घालत नाही.

जुने मराठी कागद मोडी लिपीत असतात. मोडीत लेखक आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग अक्षरे लिहितो, शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाही. त्यामुळे आधी जाणकाराकडून वाचून घ्यावे, पण आपल्या गावाचे, आडनावाचे आणि कुलदैवताचे नाव मोडीत कसे दिसते, एवढे तरी स्वतः गिरवून शिकावे, म्हणजे ढिगातून आपला कागद ओळखता येतो. कालगणना सोपी आहे. शके असल्यास 78 मिळवावेत, जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंत मात्र 79. फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, मृगाच्या सुमारास सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत 590 आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 591 मिळवावेत. फसली 1286 म्हणजे 1876-77, म्हणजेच त्या मोठ्या दुष्काळाचे साल. त्या वर्षाचे संवत्सर धाता आणि पुढील ईश्वर, हेही जुन्या माणसांच्या बोलण्यात आले तर कान टवकारावेत.

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि जुन्या शाळेचे जनरल रजिस्टरही पाहावे; त्यांत मुलांची नावे व पालकाचे नाव मिळते, मात्र शाळेतील जन्मतारीख बहुधा अंदाजाने घातलेली असते. 1884 साली निघालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या बेळगाव खंडात कुटुंबाचे नाव सापडणार नाही, परंतु त्या काळी कोणत्या भागात काय पिकत होते, बाजार कोठे भरत होता आणि दुष्काळात काय घडले, हे वाचल्याशिवाय जोडप्याचे जगणे डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

मिळालेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहिताना ती कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदावर पाहिली, हे त्याच ओळीत लिहावे. मग खापरपणजीच्या माहेरच्या गावी जावे. तेथील लोकांना आपण जमिनीत वाटा मागण्यास आलो आहोत, अशी शंका येणे स्वाभाविक आहे, म्हणून पहिल्या भेटीत कागद बाहेर काढू नयेत. ग्रामदेवीची ओटी भरावी, भावकीतील म्हाताऱ्या बाईच्या पाया पडावे आणि आपल्या गावात कोणती मुलगी दिली होती, एवढेच विचारावे.