अल्पवयात केस झालीय आणि सैन्यात जायचंय? आधी कागद, मग ग्राउंड

1600 मीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत काढले की 60 गुण, हे अकादमीतलं कुठलंही पोरगं झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण पंधरा-सोळाव्या वर्षी जत्रेतल्या मारामारीत नाव आलं असेल तर फॉर्ममध्ये काय लिहायचं, असं विचारा. ग्राउंडवरच्या सरांपासून गावातल्या निवृत्त सुभेदारापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच: "काही लिहू नको, मिटलंय ते." खरा धोका या सल्ल्यात आहे. त्या जुन्या मारामारीत तो त्या मानाने बराच कमी आहे.

आधी धीर धरण्यासारखं सांगतो. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 24 म्हणतं की अठरा वर्षांच्या आत केलेल्या कृत्याचा निकाल या कायद्याखाली लागला असेल, तर दोषी ठरल्यामुळे येणारी कोणतीही अपात्रता त्या मुलाला चिकटत नाही. अपवाद एकच. वय 16 च्या पुढे, गुन्हा अतिगंभीर, आणि बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून दोषी ठरवलेलं असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. अतिगंभीर म्हणजे ज्याला किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त आहे असा गुन्हा. इथे घरचे उगाच घाबरतात. 307 (खुनाचा प्रयत्न) ऐकलं की आई जेवण सोडते. पण 307 ला (1 जुलै 2024 नंतरच्या प्रकरणांत भारतीय न्याय संहितेचं कलम 109) कमाल शिक्षा मोठी असली तरी सात वर्षांची किमान शिक्षा सांगितलेली नाही, म्हणून तो अतिगंभीर नव्हे, 'गंभीर' गटात बसतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये हे स्पष्ट केलं आणि 2021 च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आलं. 302 (खून) किंवा बलात्काराचं कलम असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे वकिलाशी बोलल्याशिवाय फॉर्मला हात लावू नका.

आता मुख्य सापळा. नीट वाचा, दोनदा वाचा.

पडताळणीच्या फॉर्ममध्ये "तुम्ही अपात्र आहात का?" असा प्रश्न नसतोच. कधी अटक झाली होती का, ताब्यात ठेवलं होतं का, खटला चालला का, दंड झाला का, दोषी ठरलात का, सध्या काही प्रलंबित आहे का, असे तुकडे-तुकडे करून विचारलेलं असतं. कलम 24 अपात्रता काढून टाकतं, पण घडलेली घटना घडलीच नाही असं काही करत नाही. पोरं या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि सरळ 'नाही' लिहून मोकळी होतात. काही जण आणखी हुशारी करतात: कायद्याच्या भाषेत मुलाला 'अटक' होत नाही, 'ताब्यात' घेतात, मग अटकेच्या रकान्यात 'नाही' लिहिलं तर खोटं कुठे? शब्दांचा हा खेळ वकिलाला कोर्टात शोभतो. भरती अधिकाऱ्यासमोर तो खेळू नका.

बाल न्याय अधिनियमाच्याच कलम 74(2) प्रमाणे पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी मुलाच्या प्रकरणाची माहिती देऊच नये. 2021 च्या दुरुस्तीनंतर हे प्रलंबित प्रकरणालाही लागू आहे. अशी माहिती विचारणं हाच खासगीपणावर घाला आहे, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या एका प्रकरणात म्हटलंय. मुद्दा भक्कम आहे. पण ठाण्यातला हवालदार जुनं रजिस्टर उघडून 'गुन्हा दाखल' असं लिहून मोकळा झाला, तर तो मुद्दा घेऊन प्रशिक्षण केंद्रातून बाहेर तुम्हीच येणार आणि वर्षानुवर्षं तारखाही तुम्हीच करणार. शिवाय आर्मी अ‍ॅक्ट 1950 चं कलम 44 आहेच: नावनोंदणीच्या (म्हणजे सैन्यात दाखल होण्याच्या) वेळी जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं पुढे उघड झालं तर कोर्ट मार्शल, आणि पाच वर्षांपर्यंत कैद.

म्हणून 'होय' लिहा आणि जागा असेल तिथे किंवा सोबतच्या कागदावर एवढंच जोडा: घटनेच्या वेळचं वय वर्षं-महिन्यांत, बाल न्याय मंडळाचा (मुलांची प्रकरणं जिथे चालतात ते मंडळ) जिल्हा, प्रकरण क्रमांक, आदेशाची तारीख, निकाल (निर्दोष, समज देऊन सोडलं, दंड, जे असेल ते), आणि 'कलम 24 नुसार अपात्रता लागू नाही, आदेशाची प्रत सोबत'. कोणी आधी मारलं, कोण नेत्याचा पोरगा होता, ही कहाणी लिहायची नाही.

खरं लिहिलं म्हणजे निवड पक्की, असं मात्र समजू नका. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (2016) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की खरी माहिती दिली तरी पूर्वचरित्र तपासायचा अधिकार नोकरी देणाऱ्याकडे राहतो. त्याच निकालात हेही आहे की लहान वयातली किरकोळ गोष्ट लपवली गेली तरी ती माफ करता येते. पण करता 'येते', करावीच लागते असं नाही. 2019 मध्ये सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) एका उमेदवाराची बाजू याच न्यायालयाने उचलून धरली, आणि अल्पवयातलं प्रकरण त्याने लपवलं नव्हतं ही बाब त्यात त्याच्या बाजूने गेली.

आता कागद. बाल न्याय मंडळातून अंतिम आदेशाची प्रमाणित नक्कल आजच काढा. नियमांप्रमाणे दोषसिद्धीची कागदपत्रं अपिलाची मुदत किंवा सात वर्षं, यापलीकडे ठेवायची नसतात; ती नष्ट होतात. तेच आपल्याला हवंही असतं. पण तुमच्याकडे नक्कल नसेल आणि पोलिसांच्या संगणकावर नाव तसंच राहिलं असेल, तर गुन्हा दिसतो आणि निकाल कुठेच दिसत नाही. नक्कल हाती आली की मंडळाकडे दुसरा अर्ज द्या: कलम 24(2) प्रमाणे पोलिसांना नोंदी नष्ट करण्याचा निर्देश द्यावा. त्याची पोच घ्या. वयासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र लावा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 मध्ये त्यालाच पहिला मान आहे, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला त्यानंतर येतो.

मोठ्यांसोबत नाव असेल तर तपासा की तुमचं प्रकरण खरंच वेगळं झालंय का. कलम 23 प्रमाणे मुलाची आणि प्रौढाची कार्यवाही एकत्र चालत नाही, तरी ठाण्यात वय 19 लिहिलं गेलं आणि पोरगं नेहमीच्या कोर्टात उभं राहिलं, असं होतं. अल्पवयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, निकालानंतरही मांडता येतो. सतरा वर्षांच्या मुलावर चॅप्टर केसही (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) चालत नाही, कलम 22 आडवं येतं. वकील तालुक्यातला सगळ्यात मोठा नको, बाल न्याय मंडळात रोज बसणारा हवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना तो फुकट देतं. "ठाण्यातून निल करून आणतो" (म्हणजे गुन्हा नसल्याचा अहवाल आणतो) म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दारातही उभं करू नका.

आणि अठरावा वाढदिवस लक्षात ठेवा. अग्निवीरसाठी साडेसतराव्या वर्षी अर्ज करता येतो, त्यामुळे सहा महिने तुम्ही कायद्याने मूल असता आणि भरतीचे उमेदवारही. त्यानंतर जुगाराच्या धाडीत सापडून 'कबूल आहे' म्हणत दोनशे रुपये दंड भरलात तर ती सरळ दोषसिद्धी. तिला कलम 24 नाही.

नकार आलाच तर तो लेखी मागा. नावनोंदणीआधीचा असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. नावनोंदणीनंतर बाहेर काढलं असेल तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. दोन्हीकडे पहिल्यांदा मागतात ती भरलेल्या फॉर्मची प्रत. तेव्हा फॉर्म देण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, सहीच्या पानासकट.